हायड्रंट लाईनची गळती आणि अर्थिंगची पट्टी: पुण्यातील एका सोसायटीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हडपसरच्या पुढे, पूर्वी उसाची शेती असलेल्या जमिनीवर उभी राहिलेली पाच विंगची सोसायटी. माती काळी, खाली दीड-दोन मीटरवर मुरूम. इमारतींना नऊ वर्षे झाली होती. पाचही विंगना वेढा घालून जमिनीखालून आगीच्या हायड्रंटची रिंग लाईन जाते: 150 मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा पाईप, लांबी साधारण 600 मीटर, बाहेरून टेपचे रॅपिंग. पंप रूममधला जॉकी पंप या लाईनमध्ये कायम 7 किलोचे प्रेशर धरून ठेवतो. प्रेशर थोडे उतरले की जॉकी चालू होतो आणि भरले की बंद. निरोगी लाईनमध्ये तो दिवसातून फार तर एखाद-दोनदा चालतो.

सहाव्या वर्षी तो तासातासाला चालू लागला. सी विंगच्या मागे पेव्हर ब्लॉक ओले दिसले. खोदले तर पाईपला पेन्सिलच्या टोकाएवढे भोक. क्लॅम्प मारला, चर बुजवली, विषय मिटला असे वाटले. मग सात-आठ महिन्यांत दुसरी गळती, मग तिसरी. मला बोलावले तोवर नऊ गळत्या झाल्या होत्या आणि पाईपऐवजी स्वतः झिजणारे मॅग्नेशियमचे अॅनोड जमिनीत बसूनही आठ महिने उलटले होते. जमिनीखालच्या आणि पाण्यातल्या धातूंचे गंजणे रोखणे हे माझे काम. इथे मी सल्लागार होतो. निर्णय कमिटीचे होते. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

अडचण नेमकी कोणती

कमिटीसमोर दोन अडचणी होत्या, आणि त्यांची घड्याळे वेगवेगळ्या वेगाने चालत होती.

पहिली कायद्याची. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र घ्यावे लागते. एजन्सीने स्पष्ट सांगितले होते की जॉकी असाच धडपडत राहिला तर जुलैची सही होणार नाही.

दुसरी अडचण पैशाची आणि तिच्याआडून माणसांची. चौथ्या गळतीनंतर सोसायटीने सी विंगमागचा 18 मीटरचा तुकडा कापून नवा, चांगल्या ब्रँडचा पाईप टाकला होता. तो नवा तुकडा दीड वर्षात फुटला आणि त्याच्या शेजारचा नऊ वर्षांचा जुना पाईप शाबूत राहिला. सर्वसाधारण सभेत यावरून बराच गदारोळ झाला. "पाईपच डुप्लिकेट आणलाय," असे एका बाजूचे म्हणणे. "वेल्डिंग कच्चं," असे दुसऱ्या बाजूचे. काँट्रॅक्टर बिल घेऊन हेलपाटे घालत होता आणि त्याचे पैसे अडकले होते.

नवा तुकडा आधी फुटला ही गोष्ट ऐकल्यावर माझा पाईपच्या दर्जावरचा संशय जवळपास संपला. जुन्या पोलादाच्या अंगावर गंजाची साय धरलेली असते. नवे, चकचकीत पोलाद त्याच मातीत विद्युत्‌दृष्ट्या जास्त ऋण असते. दोघे एकमेकांना जोडलेले असले की त्यांची बॅटरी तयार होते, नवा पाईप अॅनोड होतो, आणि बॅटरीत झिजतो तो अॅनोड. काँट्रॅक्टरने चांगला पाईप आणला होता. तो चांगला होता, नवा होता, म्हणूनच जास्त झिजला.

पण ही झाली छोटी बॅटरी. एकूण नऊ गळत्यांपैकी सात नव्या तुकड्याच्या बाहेरच्या होत्या. त्यांचे कारण दुसरीकडे होते.

तपासणी

कापलेले पहिले तुकडे भंगारवाल्याकडे गेले होते. सुदैवाने सहाव्या दुरुस्तीचा एक तुकडा सेक्रेटरी मॅडमनी ऑफिसच्या कपाटामागे ठेवून दिला होता: "भांडणात पुरावा लागेल म्हणून." पुरावा लागला, पण वेगळ्याच कामाला. तो तुकडा उभा चिरला. आतून पातळ तपकिरी थर, काही ठिकाणी गंजाच्या गाठी, पण खोल खड्डा एकही नाही. बाहेरून मात्र टेप जिथे फाटली होती, नेमके तिथेच वाटीसारखे खोल खड्डे, आणि आजूबाजूचे पोलाद जवळजवळ कोरे.

हा पहिला महत्त्वाचा टप्पा होता, कारण पाईप आतून झिजत असता तर पुढे जे काही केले ते सगळे फुकट गेले असते. बाहेर अॅनोड लावून पाईपच्या आतल्या भिंतीला काहीही फायदा होत नाही.

टेप फाटली त्याचे कारण सरळ होते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ही हालचाल टेपला दरवर्षी ओढते आणि सुरकुत्या पाडते. चरीत पाईपभोवती बारीक भराव टाकलेला नव्हता. खोदलेले दगडच परत लोटले होते.

मातीची रोधकता चार खिळ्यांच्या वेनर पद्धतीने मोजली. ती 900 ते 1500 ओम-सेंटिमीटरच्या दरम्यान आली. रोधकता जितकी कमी, तितका गंजाचा करंट सहज वाहतो. हजाराच्या आसपासची माती पोलादाला बरीच त्रासदायक. पण पुण्याच्या पूर्वेला अशा मातीत कितीतरी पाईप आहेत आणि ते सगळे सहाव्या वर्षी फुटत नाहीत.

मग पाईप आणि माती यांच्यातला व्होल्टेज मोजला. क्षेत्रातली माणसे याला ‘पीएसपी रीडिंग’ म्हणतात: तांबे आणि मोरचुदाच्या द्रावणाचा हाफ सेल ओल्या मातीवर टेकवायचा, मल्टिमीटरची दुसरी वायर पाईपला लावायची. अशा मातीत सुट्या, थोड्या जुन्या पोलादाचे रीडिंग साधारण उणे 550 ते उणे 700 मिलिव्होल्ट असते. इथे अॅनोड सोडवून घेतलेले रीडिंग उणे 470 ते उणे 540 होते. म्हणजे कुणीतरी या पाईपला धन बाजूला ओढत होते.

तो कोण, याचा अंदाज पंप रूममध्येच आला. पंपाच्या बेसप्लेटपासून अर्थिंगची पट्टी, पट्टीपासून तांब्याची प्लेट. हेडरचे, म्हणजे पंपांच्या मुख्य पाईपचे, सपोर्ट स्लॅबच्या सळईला वेल्ड केलेले. प्रत्येक विंगचा रायझर, म्हणजे वर चढणारा उभा पाईप, आरसीसीला क्लॅम्पने घट्ट धरलेला. थोडक्यात, जमिनीतला पाईप पाचही इमारतींच्या फाउंडेशनमधल्या सळ्यांना आणि तांब्याच्या अर्थिंगला विद्युत्‌दृष्ट्या जोडलेला होता. काँक्रीटच्या अल्कधर्मी पोटात पोलाद निष्क्रिय होऊन बसते. त्याचे रीडिंग उणे 100 ते उणे 250 च्या आसपास असते, आणि तांब्याचेही उणे 200 च्या जवळ. मातीतला पाईप त्यांच्याहून चारेकशे मिलिव्होल्ट ऋण. वायर जोडलेली, माती ओली. बॅटरी पूर्ण.

यातला सगळ्यात वाईट भाग क्षेत्रफळाचा आहे. कॅथोड, म्हणजे बॅटरीची न झिजणारी बाजू, इथे हजारो चौरस मीटर सळई, आणि अॅनोड म्हणजे टेपमधल्या फाटलेल्या चार-दोन जागा. 1 अँपिअर करंट वर्षभर पोलादातून मातीत गेला तर साधारण 9 किलो लोखंड विरघळते. त्याच हिशेबाने 1 मिलिअँपिअर म्हणजे वर्षाला 9 ग्रॅम. पाईपची भिंत 5.4 मिलिमीटर. 1 सेंटिमीटर व्यासाचे आरपार भोक पाडायला सव्वातीन ग्रॅम लोखंड गेले की झाले. 1 मिलिअँपिअर, एवढाच करंट एका फाटलेल्या जागी एकवटला, तर साडेचार महिने पुरतात.

म्हणूनच "पुढच्या वेळी टेप आणखी चांगली लावू" हा सूचनावहीतला सल्ला मला एकट्याने पुरेसा वाटला नाही. टेप जितकी चांगली तितक्या फाटलेल्या जागा कमी, आणि उरलेल्या जागांवर करंटची गर्दी तितकी जास्त.

एक शंका सभासदांकडून आली होती आणि ती रास्त होती: मेट्रोचा करंट जमिनीतून येत असेल का? डीसी विजेवर चालणाऱ्या रेल्वेचा भरकटलेला करंट जमिनीतल्या पाईपांना खातो हे खरेच आहे. पण पुणे मेट्रोच्या वनाझ–रामवाडी आणि पिंपरी–स्वारगेट या मार्गिका 25 किलोव्होल्ट एसी ओव्हरहेड तारेवर चालतात. 750 व्होल्ट डीसीच्या तिसऱ्या रुळाची रचना आहे ती हिंजवडी–शिवाजीनगर मार्गिकेची, आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. तरीही तर्कावर न थांबता रात्रभर रेकॉर्डर लावून ठेवला. डीसी ट्रॅक्शनचा त्रास असला तर गाड्यांच्या ये-जा बरोबर रीडिंग नाचते आणि शेवटच्या गाडीनंतर शांत होते. इथे रात्रभर सरळ रेघ मिळाली.

समोरचे पर्याय

पूर्ण रिंग बदलणे. जमिनीखालून एचडीपीई टाकायचा, म्हणजे गंजाचा प्रश्नच नाही. तांत्रिकदृष्ट्या हा पर्याय मला आवडतो आणि नव्या प्रकल्पात मी त्याकडे आधी बघेन. इथे मात्र सगळे पेव्हर, बाग, बेसमेंटच्या रॅम्पखालचे दोन क्रॉसिंग उखडावे लागणार होते, आणि आलेला अंदाज खाली दिलेल्या कॅथोडिक प्रोटेक्शनच्या कामाच्या सहापटीच्या घरात होता. सिंकिंग फंडाला हात लावायला सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी, आणि सभा आधीच दुभंगलेली.

लाईन जमिनीवर आणणे. कंपाउंड भिंतीच्या कडेने ब्रॅकेटवर. दोन बाजूंना शक्य होते, गेटच्या बाजूला आणि पार्किंगच्या वळणावर नव्हते.

गळेल तिथे क्लॅम्प. हे चालूच होते. जुलै जवळ येत होता.

कॅथोडिक प्रोटेक्शन. पाईपला मुद्दाम कॅथोड बनवायचे. एक तर मॅग्नेशियम किंवा जस्तासारखा जास्त ऋण धातू जोडून त्याला झिजू द्यायचे, नाही तर टीआर युनिटमधून (ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायर, एसीचा डीसी करणारे यंत्र) बाहेरचा डीसी करंट सोडायचा. 600 मीटरच्या, दाट वस्तीतल्या लाईनला टीआर युनिट मला नको होते. त्याला वीज, देखभाल आणि रोज बघणारा माणूस लागतो. शिवाय रस्त्याकडेला गॅसची पोलादी वाहिनी होती. आपल्या ग्राउंडबेडचा, म्हणजे जमिनीत करंट सोडणाऱ्या अॅनोडच्या संचाचा, करंट तिच्यात शिरून दुसरीकडे बाहेर पडला तर आपला गंज शेजाऱ्याच्या दारी नेऊन ठेवल्यासारखे झाले असते. या मातीत मॅग्नेशियमच योग्य होते.

हाच निष्कर्ष सोसायटीने माझ्याआधी अॅनोडच्या कामासाठी नेमलेल्या पहिल्या एजन्सीनेही काढला होता. 7.7 किलोचे 10 मॅग्नेशियम अॅनोड, जिप्सम-बेंटोनाइटच्या भरावासह, नीट खोलीवर बसवलेले. काम स्वच्छ होते. तरी गळत्या थांबल्या नव्हत्या, आणि सभेत आता तिसरा गट तयार झाला होता: "हे अॅनोड-बिनोड सगळं थोतांड आहे."

अॅनोड चालत होते, पण कुणासाठी?

एजन्सीचा प्रतिनिधी हँडओव्हरचा कागद घेऊन आला होता. प्रत्येक अॅनोडमधून 110 ते 130 मिलिअँपिअर करंट. "साहेब, करंट बघा की. यापेक्षा चांगले अॅनोड कुठले?"

करंट खोटा नव्हता. प्रश्न तो कुठे चाललाय हा होता. पाईपचे एकूण पृष्ठफळ सुमारे 317 चौरस मीटर. टेपची अवस्था बघता दर चौरस मीटरला 2 मिलिअँपिअर धरले तर साऱ्या लाईनला 0.63 अँपिअर पुरे. दहा अॅनोड त्याच्या दुप्पट देत होते आणि तरीही पाईपचे रीडिंग अॅनोडच्या अगदी जवळ 40 मिलिव्होल्टने हलले होते, बाकी ठिकाणी शून्य. कारण फाउंडेशनमधली सळई चार-पाच हजार चौरस मीटर धरली आणि तिने दर चौरस मीटरला 1 मिलिअँपिअर जरी ओढला, तरी 4-5 अँपिअर तीच गिळणार. अॅनोड पाच इमारतींच्या सळ्यांना संरक्षण देत होते, आणि त्या सळ्यांना काँक्रीटमध्ये त्याची गरजच नव्हती. वाटेत पाईपला उष्टे-खरकटे मिळत होते तेवढेच.

त्यात अॅनोडचे आयुष्यही जात होते. 7.7 किलो मॅग्नेशियम, निम्मी कार्यक्षमता आणि शेवटचा थोडा हिस्सा वाया जाणार हे धरून, सुमारे 7,200 अँपिअर-तास देते. 130 मिलिअँपिअरने ते सव्वासहा वर्षांत संपते. आठ महिन्यांत दहावा हिस्सा असाच गेला होता.

उपाय ठरलेला: जमिनीतला पाईप इमारतींपासून विद्युत्‌दृष्ट्या तोडायचा. प्रत्येक रायझरच्या आणि पंप रूमच्या फ्लँजला, म्हणजे बोल्टने आवळलेल्या सांध्याला, इन्सुलेटिंग किट: वीज वाहू न देणारी गॅस्केट, बोल्टवर स्लीव्ह, दोन्ही बाजूंना वॉशर. हे पहिल्या एजन्सीच्या कोटेशनमध्येही होते. "ऐच्छिक" या रकान्यात होते आणि खर्च वाचवताना कमिटीने ते खोडले होते. माझ्या मते खरी चूक इथली आहे, आणि ती कमिटीपेक्षा कोटेशनच्या मांडणीची आहे. ज्या गोष्टीशिवाय बाकीचे काम चालत नाही ती ऐच्छिक रकान्यात लिहिलीच कशी?

आधी एकच विंग

कमिटीचा विश्वास उडालेला होता, त्यामुळे सगळे किट एकदम मागवायला कुणी तयार नव्हते. इथे चेअरमननी घेतलेला निर्णय मला आजही पटतो: एका विंगवर करून दाखवा, मग बोलू. बी विंगचा भाग दोन स्लूस व्हॉल्व्हच्या मध्ये येतो. तेवढाच बंद करून बाकी रिंग दुसऱ्या बाजूने प्रेशरमध्ये ठेवता येत होती. आगीची यंत्रणा बंद ठेवणे हा हलका विषय नाही. बी विंगपुरते काही तास हायड्रंट नाही, म्हणून लिफ्ट लॉबीत नोटिसा लावल्या, जास्तीचे एक्स्टिंग्विशर आणले आणि वॉचमनची फेरी ठेवली.

तीन फ्लँजवर किट बसले. त्या भागात दोनच अॅनोड होते. काम संपल्यावर रीडिंग उणे 520 वरून सावकाश सरकत दुसऱ्या दिवशी सकाळी उणे 930 वर गेले. जमिनीखालच्या पोलादासाठी रूढ कसोटी उणे 850 मिलिव्होल्टची आहे. रॉबर्ट कून यांनी 1928 च्या सुमारास न्यू ऑर्लिन्सच्या गॅस पाईपलाईनवर काम करताना ती रूढ केली आणि आजही तीच चालते.

सेक्रेटरी मॅडमनी मात्र अॅनोडचा करंट पाहून भुवया उंचावल्या. "अहो, करंट तर निम्म्यावर आला! बिघडलं का काही?" उलट होते. सळ्यांकडे जाणारी गळती थांबली होती. करंट 50-60 मिलिअँपिअरवर येणे म्हणजे अॅनोडचे आयुष्य कागदावर 13 वर्षांच्या पुढे जाणे.

डी विंग आणि दिव्याचा खांब

उरलेले किट आले आणि बसले. चार विंग जमल्या. डी विंगच्या बाजूला रीडिंग उणे 610 च्या खाली जाईना. प्रत्येक फ्लँज वेगवेगळा तपासला, सगळे ठीक. म्हणजे जमिनीखाली कुठेतरी जोड होता.

सापडला तो व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये. बागेतल्या दिव्यांच्या खांबांची जीआयची अर्थिंग पट्टी तिथे थेट हायड्रंटच्या पाईपला वेल्ड केलेली. बांधकामाच्या वेळी कुणा इलेक्ट्रिशियनने खड्डा खणण्याऐवजी सहाशे मीटरचे फुकटचे अर्थिंग वापरले होते. आणि ही पट्टी पुढे डी विंगच्या अर्थिंगलाही जोडलेली.

प्लंबर ग्राइंडर घेऊन तयार होता. "पट्टी उडवतो, दोन मिनिटांचं काम."

इथे थांबायला सांगणे हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता, आणि तो माझ्या आधी डी विंगमधल्या एका निवृत्त सिग्नल इंजिनिअर काकांनी बोलून दाखवला: "पट्टी काढली की खांबाचं अर्थिंग गेलं. पावसात एखाद्या खांबात करंट उतरला तर खेळणाऱ्या पोरांचं काय?" बरोबर होते. त्या पाच खांबांना दुसरे अर्थिंग नव्हते. पाईपचा गंज हा पैशाचा प्रश्न आहे, खांब हा जिवाचा.

या क्षेत्रात अशी उदाहरणे जुनीच आहेत. हम्फ्री डेव्हीने 1824 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाचे तांबे जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून वाचवून दाखवले. तांबे झिजायचे थांबले, आणि जहाजांच्या तळावर शिंपले नि शेवाळ चढू लागले. कारण विरघळणारे तांबेच त्यांना इतकी वर्षे मारत होते. गंजणारा जोड कधी कधी दुसरे काही काम करत असतो. तो तोडण्याआधी ते काम कोण करणार हे ठरवावे लागते.

म्हणून खांबांसाठी आयएस 3043 या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे वेगळे अर्थ पिट खणायचे, त्यांचा रोध मोजायचा, खांबांची जोडणी तिकडे वळवायची, आणि मगच पट्टी कापायची असे ठरले. जूनचा पाऊस सुरू झाला होता, खड्ड्यात पाणी भरत होते, इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर दुसऱ्या साइटवर अडकला होता. तीन आठवडे गेले. तेवढे दिवस डी विंगच्या बाजूचे अॅनोड इमारतीसाठी झिजत राहिले. ते झिजू दिले.

याच वेळी पंप रूमचाही विचार केला. पंपाच्या मोटरचे अर्थिंग स्वतंत्र आणि शाबूत आहे हे मोजून घेतले. आणि इन्सुलेटेड फ्लँजवर वीज पडल्यावर मोठा व्होल्टेज येऊन गॅस्केट जळू नये म्हणून फ्लँजच्या आरपार सर्ज डायव्हर्टर बसवला. तो एरवी उघडा असतो आणि लाट आली की क्षणभर जोडतो.

परिणाम

पट्टी कापल्यावर डी विंगचे रीडिंग उणे 790 वर आले. तिथे दोन अॅनोड वाढवले. आता सगळ्या लाईनची चालू रीडिंग उणे 890 ते उणे 1040 च्या दरम्यान आहेत.

‘चालू रीडिंग’ म्हणताना एक खोच आहे. करंट वाहत असताना मातीतला व्होल्टेज-ड्रॉपही त्यात मिसळतो आणि आकडा आहे त्यापेक्षा छान दिसतो. खरा आकडा करंट तोडल्याच्या क्षणी घ्यायचा असतो. बारा अॅनोड एकाच क्षणी तोडणे सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला शक्य नाही, म्हणून तीन टेस्ट स्टेशनवर पाईपशेजारी पोलादाचे छोटे कूपन पुरले. कूपनची वायर एक बटण दाबून सोडवायची आणि लगेच आकडा बघायचा. कूपनवर उणे 860 ते उणे 960 मिळाले. फार ऋण बाजूला जाणेही चांगले नाही. उणे 1200 च्या पलीकडे हायड्रोजन सुटून कोटिंग उचलले जाण्याचा धोका असतो. इथे ते अंतर भरपूर आहे.

गळत्या मात्र त्याच दिवशी थांबल्या नाहीत. पहिल्या चार महिन्यांत आणखी दोन झाल्या, दोन्ही ए विंगजवळ. कॅथोडिक प्रोटेक्शन गेलेले लोखंड परत आणत नाही. भिंत आधीच कागदाएवढी उरली असेल तर प्रेशरच्या धक्क्याने ती जाणारच. हे कमिटीला आधी लेखी सांगितले होते आणि दोन-तीन क्लॅम्पची तरतूदही ठेवली होती, त्यामुळे गदारोळ झाला नाही. त्यानंतर दीड वर्ष नवी गळती नाही. जॉकी दिवसातून एकदा-दोनदा चालतो. जुलैचा फॉर्म बी थोडा उशिरा, पण झाला. पाईपच्या काँट्रॅक्टरचे अडकलेले पैसेही सभेने मंजूर केले. त्यासाठी तो चिरलेला तुकडा टेबलावर ठेवावा लागला.

मधे एकदा ई विंगचे रीडिंग अचानक उणे 560 वर घसरले. प्लंबरने रायझरच्या फ्लँजचा गंजलेला बोल्ट बदलताना स्लीव्ह न घालता साधा बोल्ट बसवला होता. एक बोल्ट, आणि सगळी विंग पुन्हा जोडली गेली. महिन्याच्या रीडिंगमुळे ते पंधरवड्यात पकडले गेले. आता फ्लँजवर पिवळा रंग आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या गळतीच्या वेळीच, चर उघडी असताना, मल्टिमीटर आणि हाफ सेल घेऊन पाच मिनिटे मोजले असते तर पाईप कुणाला तरी जोडलेला आहे हे तेव्हाच दिसले असते. प्रत्येक दुरुस्तीत चर खणली गेली, पण तिच्यातून फक्त पाणी उपसले गेले, माहिती नाही.

कामाचा क्रम उलटा झाला. आधी तोडणे, मग मोजणे, मग अॅनोड किती लागतात ते ठरवणे. तसे झाले असते तर कदाचित आठच अॅनोड पुरले असते, किंवा तेच बारा लागले असते. पण आठ महिन्यांचे मॅग्नेशियम वाचले असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अॅनोडवरचा विश्वास.

अर्थिंगचा नकाशा आधी काढायला हवा होता. डी विंगची पट्टी शोधायला आम्ही चेंबर उघडत फिरलो. बिल्डरकडून मिळालेल्या ‘अॅज बिल्ट’ ड्रॉइंगमध्ये ती नव्हती, आणि नसणारच होती. पण इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर या दोघांना एकाच दिवशी एकत्र साइटवर फिरवले असते तर अर्धे काम झाले असते. पुण्यातल्या सोसायट्यांत हे दोघे सहसा एकमेकांच्या मागे येऊन एकमेकांचे काम उखडतात.

एक मर्यादा अजून तशीच आहे. जिथे टेप सुटून फुग्यासारखी उभी राहिली आहे आणि आत पाणी शिरले आहे, तिथे अॅनोडचा करंट नीट पोचत नाही, कारण टेप स्वतःच त्याची वाट अडवते. वरून रीडिंग उणे 950 दिसेल आणि आत पाईप गंजत असेल. रॅम्पखालच्या दोन क्रॉसिंगमध्ये असे असण्याची शक्यता मला वाटते, कारण तिथे टेपवर सगळ्यात जास्त ताण आला असणार. ते दोन तुकडे पुढच्या वर्षी जमिनीवरून, ब्रॅकेटवर घेण्याचा प्रस्ताव कमिटीने सभेसमोर ठेवला आहे. खर्च दुरुस्ती निधीत बसतो. रॅम्प चार दिवस बंद राहील, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.